दोन ओळींचं आमंत्रण

भाद्रपद शुद्ध एकादशी
देवाच्या कृपेने या बंगाली मुलखात, सॉल्ट लेकच्या घरात देव मांडून झाले. यांची निवृत्तीआधीची ही शेवटची बदली. इथल्या आयटीतल्या मराठी मुलांना पक्षाचा स्वयंपाक येत नाही, म्हणून मी श्राद्धाचे डबे करणार. तेवढाच घरखर्चाला हातभार. वैदेहीने पुण्यात बसून वेबसाइट करून दिली. गूगलवर शोधलं की नावाखाली दोन ओळी दिसतात, त्या तूच लिही म्हणाली. आई, मावशीला लिहितेस तसं पाल्हाळ नको, हा टोमणा वर. काय मिळेल ते सांग आणि बोलाव; बोलावल्याशिवाय कोण येतंय?

माझ्या मॅट्रिकच्या मराठीत लिहिलं: “गेलेल्यांसाठी घरचं, सोवळ्यातलं पान. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. दार उघडं आहे, कुणीही या, पण आपलं नाव-गोत्र सांगून या.”

हे हसले. म्हणाले, जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाहीस आणि जगाला नावं विचारतेस!

वद्य प्रतिपदा
डबे गेले. कंबर धरली. वैदेहीचा फोन: ओळ लांब झाली, गूगलने शेपूट कापलं. “दार उघडं आहे, कुणीही या” इथवरच दिसतं, पुढे टिंबं. महत्त्वाचं आधी लिहायचं असतं गं, म्हणाली. ओळ ती बदलतेय, पण दिसायला वेळ लागेल. लागू दे. बिघडलं कुठे?

वद्य चतुर्थी
समोरच्या बंगाली वहिनींनी, इथल्या भाषेत बौदींनी, जिन्यात गाठलं. दुपारभर तुमचे पाहुणे पायऱ्यांवर बसतात, तोंडं सुकलेली, साधा चहा नाही विचारत तुम्ही? मला जिना रिकामाच दिसला. पुन्हा देवापाशी दिवा लावला.

वद्य अष्टमी
डबे भरायच्या आत खीर संपते. पुन्हा रांधते. हात उचलत नाहीत. कडी लावते, दार उघडंच सापडतं. गूगलवर ओळ जुनीच. पुण्याच्या गुरुजींना विचारलं. ते खवळले. पितरांना नाव घेऊन बोलावतात, बाई. बिननावाचे आले तर घरातल्या कुणाचं तरी नाव उचलल्याशिवाय जात नाहीत.

वद्य द्वादशी
हे बँकेत सही करताना अडले. स्वतःचंच नाव आठवेना. हसण्यावारी नेलं.

वद्य चतुर्दशी
ओळ तीच. रांधते— संपतं— रांधते. यांना म्हटलं, नाव सांगा ना तुमचं. उलट मलाच विचारू लागले.

सर्वपित्री अमावास्या
भर दुपार. हे पाटावर जेवताहेत, मान खाली. आणि दारातून यांचाच आवाज— अगं, ऐकलंस का. पाहिलं तर हेच, हातात बाजाराची पिशवी. पाटावरही हेच—

देवा, क्षमा कर. नाव घेते. ज्याचं असेल तोच ओ देईल.

श्यामराव, म्हटलं.

पाटावरून ओ आली. दारातूनही. मग जिन्यातून, एकेका पायरीवरून, सगळ्यांनी ओ—