खालची ओळ

रविवार, दुपार

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी दूध तापत ठेवून बादलीत चादरी भिजवत होते आणि तुझे बाबा दाराशी बसून छिन्नीला धार लावत होते. प्रार्थना उरकली होती. चेहऱ्यावर नेहमीचं समाधान, जणू वरून पोच मिळालीय. मला चेष्टा सुचली. म्हटलं, "काय हो, वर गेल्यावर दारात तुमची पहिली आणि मी, दोघीही उभ्या असलो, तर आधी कोणाकडे बघाल? तिच्याकडे की माझ्याकडे?"

"तुला कसली काळजी? तू तर मानतच नाहीस. तुला आत सोडणारच नाहीत."

"मग बरंच झालं. तुमची पंचाईत वाचली."

"दूध बघ," ते म्हणाले. दूध उतू गेलं होतं.

हसलो आम्ही. मी ओटा पुसला, चादरी वाळत घातल्या, ते दुकानात गेले. त्याच आठवड्यात ते गेले आणि तो विषय तिथेच राहिला.

तुझं पत्र मिळालं. तू वेळेवर जेवतेस ना? इकडे सगळं ठीक आहे. मोरीतला नळ गळायचा थांबलाय. शेजारीण रोज डोकावते, आणि रडले का ते माझ्या डोळ्यांत बघून जाते. रडले नाही. दात काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालंय.

तू विचारलंस, "मावशी, तू एवढं वाचतेस. या सगळ्याला काहीतरी हेतू असेलच ना?" बाळा, मी शाळा किती शिकले ते तुला ठाऊक आहे. वाचनालयातून एक पुस्तक आणलं, त्यात हेतू होता. दुसरं आणलं, त्यात नव्हता. दोन्ही परत करून आले. बाबांना मात्र पक्कं ठाऊक होतं. मरण म्हणजे पलीकडच्या खोलीत जाणं, असं ते बोलायचे आणि तसेच निवांत झोपायचे. मी जागी असायचे.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, की आई-बाबा आता एकमेकांना भेटले असतील, एवढाच तुला आधार आहे. आईच्या कबरीवरच्या दगडावर बाबांचं नाव घालायचं, खाली 'पुन्हा एकत्र' लिहायचं, आणि अक्षरं मीच आखायची, कारण माझ्यासारखी कोणाला येत नाहीत.

तो दगड मला पाठ आहे. तू लहान असताना तुला बोटाला धरून मीच न्यायचे. तू फुलं ठेवायचीस, मी शेवाळ खरवडायचे. वर तुझ्या आईचं नाव, खालचा भाग कोरा. माझी ओळखही नव्हती तेव्हा बाबांनी तो स्वतःसाठी सोडला होता. पुढे आमचं लग्न झालं, तू मला मावशी म्हणू लागलीस, दुकानात दगडावर अक्षरं आखायचं काम माझ्याकडे आलं, कोरायचे ते. शेकड्यांनी दगड केले आम्ही. त्या कोऱ्या भागाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

गेला आठवडाभर मी कागदावर आखून बघतेय. नाव जमतं. खालच्या ओळीशी हात थांबतो. आपला कारागीर बघत होता. म्हणाला, "वहिनी, राहू द्या. ती ओळ मी कोपऱ्यावरच्या पेंटरकडून आखून आणतो."

"त्याचं अक्षर बघितलंयस? मेलेला माणूस उठून दुरुस्त करेल."

तो हसला, आणि हसलो म्हणून ओशाळला.

आधी वाटलं, खोटं लिहवत नाही म्हणून हात थांबतो. पण तसं नाही. कितीतरी दगडांवर 'स्वर्गवासी' आखून मी निवांत चहा प्यायलेय. हे खोटं असेल तर ते दोघं कुठेच नाहीत, आणि माझं कोणी काही नेलेलं नाही. हात थांबतो तो खरं असलं तर, म्हणून. खरं असलं तर तिकडे त्यांचा संसार पुन्हा लागलाय आणि त्यात मी नाही. जे घर मी मानत नाही, त्याच्याच दाराबाहेर पिशवी घेऊन उभी आहे. हे सांगायला तुझ्याशिवाय मला कोणी नाही, आणि तुला तर हे सांगायलाच नको होतं.

तुझ्या आईबद्दल माझ्या मनात वाकडं नाही. तुझ्याकडे बघून वाटतं, चांगलीच बाई असणार. तुझा आधारही मला काढून घ्यायचा नाही. फक्त तो माझ्या हातून आखून मागताना तुला काही वाटलं का, एवढं विचारावंसं वाटलं. नसेल वाटलं तर तेही ठीक. मी तुला कधी परकेपणा दाखवला नाही, म्हणूनच तू मागितलंस.

इथवर लिहून पत्र टेबलावर ठेवलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं.

सकाळी दुकान उघडलं, कारागिराला बरोबर घेतलं आणि दगडापाशी गेले. दगड धुतला, कोरडा होऊ दिला. खडूने रेघा मारून तुझ्या बाबांचं नाव आखलं. त्याखाली 'पुन्हा एकत्र' आखलं. अक्षरं नेहमीपेक्षा बरीच मोठी घेतली.

कारागीर म्हणाला, "वहिनी, एवढी मोठी? खाली काहीच जागा उरणार नाही. उद्या तुमचं नाव..."

"नको उरायला," मी म्हटलं. तो कोरायला बसला. त्याचं पुरं होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

तुझी,
मावशी