काठावरची आम्ही तिघं

८ मार्च, मंगळवार

ती येऊन गेली! आणि आम्ही माती खाल्ली.

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर उद्या मीच स्वतःची समजूत घालून मोकळी होईन. फाउंडेशनची बाई दहाला येणार होती. जनीन प्रुइट. आपल्यातलीच, काळी, माझ्या भाचीच्या वयाची, साधे बूट, मऊ आवाज. आमच्या हॅचर स्ट्रीटच्या पोहण्याच्या वर्गाला अनुदान द्यायचं की नाही ते तिच्या सांगण्यावर ठरणार. आमच्यासारख्या छोट्या संस्थांसाठीच हा निधी काढलाय. काळ्या माणसांना इतकी वर्षं ज्या ज्या दाराबाहेर ठेवलं, ती दारं उघडण्यासाठी. नाही मिळालं तर मे संपला की वर्ग बंद. कॉलेज त्यांचा तलाव यापुढे फुकट देणार नाही, आणि कोच मार्लीसला बिनपगारी किती दिवस राबवायचं? मग उन्हाळ्यात ही सगळी पोरं पुन्हा खडीच्या खाणीतल्या डोहावर जाणार. माझा भाऊ एल्रॉय बुडाला तोच डोह.

तर आम्ही काय केलं? चर्चमध्ये पाहुणा येणार म्हटलं की करतो तेच! माझ्या मैत्रिणीनं, ओपलनं, डुकराच्या मांसाचं हॅम भाजलं. मी पीचचं कॉब्लर केलं, फळांचा आमचा गोड पदार्थ. कपडे बदलायच्या खोलीत छत गळतं, तिथली बादली शिडीमागे सारली. आमच्या चर्चचे सेवक, डीकन थर्मन, अंत्ययात्रेचा काळा सूट घालून आले — तलावाच्या त्या उबाऱ्यात! घामानं नुसते निथळत होते.

तिनं विचारलं, ‘काय कमी पडतं तुम्हाला?’

आम्ही तिघं एका सुरात — ‘देवाची कृपा आहे, काही कमी नाही!’

सवय, दुसरं काय. आईनं लहानपणी चिमटे काढून शिकवलेलं, पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही.

मग ती म्हणाली, ‘वर्ग तुम्ही तिघांनी सुरू केलात. तुम्ही स्वतःही पोहत असाल?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात डीकन — ‘पोहतो म्हणजे? मासे आहोत आम्ही, मासे!’

मी हॅमचं ताट खाली ठेवलं. आम्ही तिघंही कधी कमरेएवढ्या पाण्यात उतरलेलो नाही!

ती तर खूशच झाली. म्हणे, आमच्या विश्वस्तांनी हे बघायलाच हवं. सव्वीस तारखेला, शनिवारी, घेऊन येते त्यांना. तुम्ही वडीलधारे आणि मुलं, एकत्र पाण्यात!

गेली. दार लागल्यावर ओपल आपल्या मेव्हण्यावर, डीकनवर, तुटून पडली. ‘थर्मन, तुला घरातल्या टबात बसायची भीती वाटते! माझ्या बहिणीनं उभा जन्म तुला बादलीनं आंघोळ घातली!’

डीकननी टाय सैल केला. म्हणाले, ‘जन्मभर गोऱ्यांच्या तोंडून ऐकलं. काळ्यांना पोहता येत नाही, त्यांची हाडंच जड. आता मीच म्हणू का, हो, खरंय तुमचं?’

ओपलनं उरलेलं हॅम झाकून ठेवलं. मी ताटं गोळा केली.

९ मार्च

उरलेलं कॉब्लर शेजारी दिलं. मला ते डोळ्यांपुढे नको होतं.

१२ मार्च, शनिवार

कोच मार्लीसला सांगून टाकलं. आधी इतकी हसली की पायरीवरच बसली. मग हसू गेलं. ‘मिस व्हर्नेल, दोन आठवड्यांत मासे नाही करता येत. फार तर तरंगायला शिकवीन.’

डीकन आजच उतरले! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वर सदरा, खांद्यावरून पट्टे. उथळ बाजूला, सहा-सात वर्षांच्या पोरांमध्ये. दोन्ही हातांनी कठडा असा धरलेला की सोडवायला सुतार आणावा लागला असता. एक दातपडकी मुलगी त्यांना शिकवायला लागली. ‘आजोबा, पोट वर. घाबरायचं नाही. मी आहे ना!’

कठडा सोडला. बुडाले. वर आले ते जुन्या इंजिनासारखे फुसफुसत. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या वाजल्या म्हणून डीकन आणखीच चिडले.

ओपलनं पाय भिजवले. तेवढेच.

मी? बाकावर. गुरुवारीच केस सरळ करून आलेय, भिजवायचे नाहीत, सांगितलं. बायकांना हे कारण पुरतं. कुणी पुढे विचारत नाही.

१५ मार्च, मंगळवार

केसांचं काही नाही. निदान इथे तरी खरं लिहावं.

गावचा तलाव मोठ्या बागेत होता. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून बघायचो. निळं पाणी, उडी मारायची फळी, गोऱ्या पोरांचा आरडाओरडा. एल्रॉय कुंपणाला नाक लावायचा, नाकावर तारेची नक्षी उमटायची. मग कोर्टानं सांगितलं, तलाव सगळ्यांना उघडा. त्या उन्हाळ्यात आम्ही पोहायचे कपडे शिवून घेतले. आईनं मला पिवळा शिवला. आणि गावानं काय केलं? ट्रक आणले. तलाव मातीनं भरून टाकला! आम्ही पाण्यात उतरण्यापेक्षा कुणीच उतरू नये, हे बरं. आता तिथे गुलाब आहेत. छान येतात.

एल्रॉयला नवे कपडे वाया घालवायचे नव्हते. तो खाणीच्या डोहावर गेला.

त्यानंतर पुलावरून जाताना आई माझा हात धरायची. मी लग्नाची झाले तरी.

१९ मार्च, शनिवार

भांडण. डीकनची नवी युक्ती — छातीएवढ्या पाण्यात नुसतं उभं राहायचं आणि हात हलवायचे, लांबून कुणाला कळतंय! ओपल म्हणाली, ‘हो ना, उभा मासा. बघायला लांबून लांबून लोक येतील.’

मी म्हटलं, मी जाऊन सांगते.

‘सिस्टर व्हर्नेल, सांगितलंस तर अनुदान गेलं म्हणून समज. खोटारड्यांना कोण देतं?’

‘आणि डीकन, तुम्ही त्या विश्वस्तांसमोर बुडालात तर?’

 टोपी घेऊन निघून गेले. सत्तर वर्षांची ओळख, पण असे न बोलता गेले नव्हते कधी.

२२ मार्च, मंगळवार

गेले एकदाची. बसनं. फोन दोनदा उचलून ठेवला होता. फोनवर माझा आवाज गोड व्हायला लागतो, आणि गोड आवाजात मला खरं बोलता येत नाही.

जनीननं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आम्हाला पोहता येत नाही, तिघांनाही. छत गळतं. मार्लीसचा जानेवारीपासूनचा पगार दिलेला नाही. काही कमी नाही म्हटलं ते खोटं, सगळंच कमी आहे. एल्रॉयचंही सांगितलं. ते सांगायला गेले नव्हते, पण आलं ओघात.

तिनं आमची फाइल पुढ्यात ओढून घेतली. मला वाटलं, संपलं. पोरांचे चेहरे डोळ्यांपुढून जायला लागले.

मग म्हणाली, ‘मिस व्हर्नेल, हेच तर आम्ही शोधत होतो! ज्यांना बाहेर ठेवलं तीच माणसं काम चालवतायत का. पहिली अट तीच आहे. डीकन म्हणाले मासे, आणि मला वाटलं, म्हणजे यांना कुणी अडवलं नव्हतं तर. ऐकताना मजा वाटली, पण नंतर यादीत तुमचं नाव मी मागे सारलं होतं.’

ऐका! लाज झाकायला जी गोष्ट लपवली, तीच आमची बाजू होती. मग मात्र बसले खुर्चीत.

‘बादली मला दिसली होती,’ म्हणाली. ‘शिडीमागून थेंबांचा आवाज येत होता.’ मग दाराकडे बघून, हळूच — ‘माझ्या आईला पोहता येत नाही. मलाही नाही. इथे कुणाला सांगू नका.’

ठरवणार विश्वस्तच. वचन तिनं दिलं नाही, मीही मागितलं नाही. जाताना म्हणाली, शनिवारी हे सगळं त्यांच्यासमोर बोला. ‘कॉब्लर मात्र आणा हं, मावशी.’

मावशी म्हणाली!

परतीच्या बसमध्ये झोपच लागली. दोन थांबे पुढे गेले.

२६ मार्च, शनिवार

बादली आज खोलीच्या मधोमध ठेवली. ओपलनं हॅम आणलंच, तिला कोण अडवणार.

विश्वस्त तिघं. दोन बायका आणि एक गोरे म्हातारे गृहस्थ, हातात काठी. जनीनशी झालेलं बोलणं मी दोघांना बुधवारीच सांगितलं होतं. मी बोलणार होते, पण डीकन उठले. सूट नाही, घरचा सदरा. पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, ‘मी या मुलीशी खोटं बोललो. मला पोहता येत नाही. येत नाही, कारण मला शिकू दिलं नाही.’ इतकंच म्हणून खाली बसले. मोठमोठ्या प्रार्थना सांगणारा माणूस. इतकं थोडं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

मग ते गोरे गृहस्थ म्हणाले, ‘मी त्या बागेतल्या तलावात शिकलो.’

सगळे त्यांच्याकडे वळले. पोरंसुद्धा.

‘माती टाकली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आठवडाभर रडलो. मला वाटत होतं, आमच्यावरच अन्याय झाला. पुढे कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.’

कुणी त्यांना असू दे म्हटलं नाही. मीही नाही. तेही तशा आशेनं बोलले नव्हते बहुतेक. शेवटी ओपलनं ताट भरून त्यांच्या हातात दिलं — ‘खाऊन घ्या. उभ्यानं खाऊ नका, अंगी लागत नाही.’

ते बसले. खाल्लं. मग मार्लीसनं पोरांना पाण्यात सोडलं, आणि सगळे तिकडे बघत राहिलो.

२९ मार्च

काही नाही.

५ एप्रिल

फोन नाही. डीकन रोज विचारायला येतात, आणि मी काही म्हणायच्या आत कॉफी मागतात.

१२ एप्रिल, मंगळवार

मिळालं!! मिळालं, मिळालं!

जनीनचा फोन आला तेव्हा हात भजीच्या पिठात. फोनला पीठ, कानाला पीठ. तीन वर्षांसाठी! तलाव, मार्लीसचा पगार, छतसुद्धा. कशावर किती खर्च करायचा ते आमचं आम्ही ठरवायचं. विश्वस्तांची एकच विनंती, सोमवारी सकाळी मोठ्यांसाठीही वर्ग घ्या. जे राहून गेले त्यांच्यासाठी.

जीव भांड्यात पडला. इतके महिने छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं. मार्लीसला सांगितलं तर ती नुसती नाक ओढत राहिली. डीकन चर्चच्या अंगणात गाड्यांच्या मधून नाचले — गुडघेदुखीसकट! ओपल म्हणाली, ‘बघ, या माणसाला जमिनीवर तरी पोहता येतं.’

भजी करपली. तशीच खाल्ली. गोड लागली.

२ मे, सोमवार

मोठ्यांचा पहिला वर्ग. वाटलं होतं आम्ही तिघंच असू. आमच्या गल्लीतलं निम्मं चर्च आलं! डीकनच्या चड्डीवर ही एवढाली लाल फुलं. ओपलच्या डोक्यावर रबरी टोपी, उकडलेल्या अंड्यासारखी. हसून हसून पुरेवाट. जनीनही आली, रजा टाकून. तिनं आईला आणलंय.

मी बाकावर. टॉवेल कुणीतरी सांभाळायला हवेत.

मार्लीस — ‘टॉवेल पळून जात नाहीत, मिस व्हर्नेल.’

२३ मे, सोमवार

डीकन तरंगले. खरंच. हात पसरून, डोळे मिटून, मार्लीसचा हात पाठीखालून निघाला तरी त्यांना कळलं नाही. कुणी हसलं नाही. ओपल रडली आणि वर म्हणते, डोळ्यांत क्लोरीन गेलं.

पोरांच्या वर्गात आता जागा उरलेली नाही. उन्हाळा येतोय आणि पहिल्यांदाच मला त्याची धास्ती वाटत नाही.

मार्लीस मला हल्ली उतरा म्हणत नाही. बरंच आहे.

११ जून, शनिवार

डीकन धरणावर मासेमारीला गेले होते. होडी उलटली. अंगात तरंगायचं जाकीट नव्हतं, ते बुडाखाली घेऊन बसले होते. काठावरच्या लोकांना दुसरी होडी मिळून तिथवर पोचायला बराच वेळ लागला. तोवर हा माणूस पाण्यावर उताणा पडून होता. शांत.

आहेत! आत्ताच इस्पितळातून भेटून आले. नर्सशी जेवणावरून भांडतायत.

माझा हात धरून म्हणाले, ‘सिस्टर, पाणी माणसाला उचलून धरतं गं. आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही.’

परवा सोमवार. मी उतरणार आहे.