शंभराच्या जागी एकशेबारा

३ जानेवारी १९९४, सोमवार

समिती झाली. गिरधर सर अध्यक्ष. कार्यक्रम जळगावात, तेवीस तारखेला. नाव – ‘सूरसंगम सुंदरबाई’. अक्काची नऊ गाणी आणि एकही शब्द नाही. क्लॅरिओनेट, ऑर्गन, व्हायोलिन, ढोलकी. का, तर सरांच्याच शब्दांत : ‘तो आवाज आता कुणाकडेच नाही. खुद्द बाईंकडेही नाही.’ हे त्यांनी अक्कासमोर बसून, अक्काने केलेला चहा पीत सांगितलं. अक्काने त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

सुंदरबाई म्हणजे अक्का, अक्का म्हणजे माझी आई. नशिराबादेत सगळे तिला अक्का म्हणतात, घरातही तेच चालतं.

ध्वनिव्यवस्था माझ्याकडे. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमाधारक, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, शिवाय घरचीच. म्हणजे विचारायची गरज नाही. विचारलंही नाही.

५ जानेवारी

सरांचं पत्रक आलं. ‘आंतरसांस्कृतिक’ हा शब्द सात वेळा. दोनदा चुकीचा छापलाय.

सरांनी अक्काला विचारलं होतं, या एवढ्या संस्कृती तुमच्या गाण्यात आल्या कशा? ती म्हणाली, ‘बठ्ठं गिरणीवर सापडनं.’ बठ्ठं म्हणजे सगळं. तिचं माहेर शिरपूरकडचं. इतकी वर्षं इकडे राहून बोली तशीच आहे. आणि ती म्हणाली ते खरंच आहे. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिठाच्या गिरणीत दळण ठेवून बाया बसायच्या – मोमीन, गुजर, सातपुड्यातून कापूस वेचायला आलेल्या पावरा बाया. दळण होईपर्यंत गुणगुणायच्या. अक्का चाल उचलायची आणि वर अहिराणी शब्द बसवायची. कव्वालीच्या ठेक्यावर सासूची तक्रार, गरब्यावर उंदीर.

सरांनी हे लिहून घेतलं नाही. गिरणी पत्रकात शोभत नाही.

९ जानेवारी, रविवार

पहिली तालीम. सगळ्यांनी गाणी अक्काच्या जुन्या कॅसेटवरून बसवलीत. पट्टी पांढरी सहा. सर म्हणाले, या पट्टीला बाई इतक्या सहज जायच्या, म्हणून तर त्या सुंदरबाई! मग डोळे मिटले. ऑर्गनवाल्या छगननेही मिटले. त्याची दोन बटणं चुकली.

तोताराम धुळ्याहून आला होता. लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिओनेट वाजवतो. नोटेशनचा कागद त्याने क्लॅरिओनेटचा डबा पुसायला घेतला. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘ताई, या कॅसेटीतल्या टाळ्या ऐका. माणसाच्या टाळ्या अशा वाजत नाहीत. चिमण्यांना हात असते तर अशा वाजल्या असत्या.’

मी म्हटलं, कॅसेट जुनी आहे. हे खोटं नाही. उत्तरही नाही.

१० जानेवारी

इथे लिहून टाकते. दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

ती कॅसेट मी केली. १९८४. रात्री गिरणी बंद झाल्यावर, गिरणीतच; दळणाच्या बाया टाळ्या द्यायला बसल्या होत्या. मी बारा वर्षांची. गिरणीत प्लग नव्हता, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. सेल अर्धे संपलेले. फीत हळू फिरली. हळू भरलेली फीत नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढतो, लयही चढते. अक्का पांढरी पाचमध्ये गायली, कॅसेटवर पांढरी सहा झाली. पूर्ण एक सूर वर. त्या कॅसेटच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, आणि खानदेशभर जी सुंदरबाई प्रसिद्ध झाली ती प्रत्यक्षात कधी नव्हतीच.

१९८७ला धुळ्यात सत्कार होता. ऑर्केस्ट्राने कॅसेटची पट्टी धरली. अक्काला पट्टीबिट्टी कळत नाही, वाद्यं जिथून सुरू झाली तिथून तिने धरलं. तिसऱ्या ओळीला गळा अडला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बाईचा आवाज उतरला.’ लोक हसले. मी तिच्या शेजारीच उभी होते. त्यानंतर सात वर्षं गाणं नाही. दळण चाळतानासुद्धा नाही.

कारण मला कळलं १९९१ साली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. कॅसेटवर मागे गिरणीतल्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण आहे. ती सेकंदाला शंभर कंपनांची हवी, सगळीकडे तेवढीच असते. ऑसिलोस्कोपवर मोजली – एकशेबारा. तीनदा मोजली.

अक्काला सांगितलं नाही. स्वतःला दिलेलं कारण : आता काय उपयोग. खरं कारण : नानांनी रेकॉर्डिंगसाठी नवे सेल आणून दिले होते. ते मी माझ्या खेळण्यातल्या मोटारीला लावले आणि मोटारीतले जुने टेपरेकॉर्डरमध्ये घातले. मोटार छान फिरली.

१६ जानेवारी

सरांना नवीन कल्पना सुचली. शेवटच्या गाण्याआधी मूळ कॅसेट एक मिनिट वाजवायची आणि टेप चालू असतानाच वाद्यांनी त्यात शिरायचं. ‘स्वर स्वरात विरघळेल.’

टेप कोण लावणार? मंदाताई, म्हणजे मी.

मी हो म्हटलं.

१८ जानेवारी

कार्यक्रमात लावायच्या कॅसेट डेकच्या मोटारीला मागून वेगाचा स्क्रू असतो. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. फिरवून गुणगुण शंभरावर आणली आणि अक्काला ऐकलं. परत एकशेबारावर नेऊन ठेवलं. जेवायला गेले.

२२ जानेवारी, शनिवार

कापडी फलक आला. लाल अक्षरांत – ‘स्वरश्रद्धांजली’. मी सरांना म्हटलं, बाई जिवंत आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत. सर म्हणाले, भाव समजून घ्या. मग पेंटरला बोलावून ‘श्रद्धांजली’वर पट्टी चिकटवली. पट्टीवर ‘आदरांजली’. आता भाव समजला.

अक्काने फलक पाहिला. हार घालतील तो फोटोला का मन्हा गळाले, एवढंच विचारलं.

२३ जानेवारी, रविवार

सभागृह भरलेलं. हार गळ्यातच पडला.

आठ गाणी झाली. गरब्यावरच्या उंदराचं सरांनी निवेदनात ‘जीवनाच्या नश्वरतेचं प्रतीक’ केलं. व्हायोलिनवाल्याने तो उंदीर इतका करुण वाजवला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. अक्का पदर तोंडाला लावून बसली होती. हसत होती. फक्त मला कळलं.

मग टेप. मी आधीच पेचकस खिशात ठेवला होता. सरांचं निवेदन चालू असताना स्क्रू फिरवला, प्रयोगशाळेत खूण केली होती तिथपर्यंत.

अक्काचा आवाज आला. जाड, सावकाश, आपल्याच ओसरीवर बसल्यासारखा. टाळ्या माणसांच्या.

मग मागून – ‘टेप बिघडला.’ दुसरा – ‘सेल उतरले वाटतं.’ तिसऱ्याने धुळ्याचंच वाक्य म्हटलं, शब्दाला शब्द : ‘बाईचा आवाज उतरला.’ हशा. मी अक्काकडे पाहिलं. ती मान वर करून स्पीकरकडे बघत होती, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तशी.

तेवढ्यात वाद्यं शिरली. पांढरी सहात. स्वर स्वरात अजिबात विरघळले नाहीत. बाजारात दोन बँड समोरासमोर आले की होतं, तसं झालं. छगन ऑर्गनची बटणं शोधत राहिला. व्हायोलिनवाल्याने छगनकडे पाहिलं, छगनने माझ्याकडे. एकटा तोताराम थांबला. क्लॅरिओनेट तोंडातून काढून त्याने एक ओळ ऐकली आणि एक सूर खाली उतरून टेपबरोबर वाजवायला लागला. बाकीचे एकेक करून गप्प झाले. मिनिटभर दोघंच – टेपवरची अक्का आणि तोताराम.

आभारप्रदर्शनात सर म्हणाले, तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी. मंदाताईंनी टेपही मंद लावला. पुन्हा हशा. सरांचा आजच्या दिवसातला सर्वात चांगला विनोद.

तोताराम जाताना डबा काखेत मारून म्हणाला, ‘आता बरोबर वाजल्या टाळ्या.’

२४ जानेवारी, सोमवार

वीज नव्हती, गिरणी बंद. अक्का समोर येऊन बसली.

‘कालदिन टेपमा गात व्हती ती कोन?’

तूच, म्हटलं.

‘मंग इतला वरीस लोके ऐकत व्हतात ती कोन?’

सांगितलं. सेल, फीत, चोक, शंभर, एकशेबारा. आकड्यांकडे तिने लक्ष दिलं नाही. खेळण्यातली मोटारही सांगितली. तिथे दिलं.

बराच वेळ ती पिठाचा हात पदराला पुसत राहिली. पीठ कधीच गेलं होतं.

‘म्हंजे उतरना ते तुन्हा सेल,’ ती म्हणाली. ‘मन्हा गळा नही.’

हो.

‘तुले कधीपासून ठाऊक शे?’

तीन वर्षं.

ती उठली, झाडू घेतला आणि झाडलेली गिरणी पुन्हा झाडली.

२५ जानेवारी

बोलत नाही. डबा दिला. भाजीत मीठ बरोबर होतं.

सरांचा निरोप : पुढचा कार्यक्रम धुळ्याला, ध्वनिव्यवस्था दुसरीकडे दिली आहे.

२६ जानेवारी

सुट्टी. झेंडावंदन करून आले तर टेपरेकॉर्डर कपाटावरून खाली काढलेला, पुसलेला. शेजारी चार सेल. मोठे, नवे, अजून कागदात.

अक्का आतून म्हणाली, ‘आवंदा तुन्ही मोटारले लावू नको.’