रिकाम्या ओळीवर टाकलेली कामं

४ जून २००१, केज
नोकरी लागली एकदाची. आईने तलवाड्याहून दोन एसट्या बदलून मला इथवर सोडलं, भाकरी-ठेच्याचं गाठोडं हातात दिलं आणि स्टँडवरच रडली. मी तिच्यासमोर शूर होते, रडायचं ते खोलीवर येऊन रडले. ऑफिस म्हणजे संगमेश्वर सरांच्या कापडदुकानावरची खोली आणि तीन कॉम्प्युटर. सर पुण्याची नोकरी सोडून गावी परतलेत. साखर कारखान्यात कुणाचा ऊस कधी तोडायचा, तो क्रम लावणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. आम्ही म्हणजे सर, त्यांचे चुलते शंकरप्पा काका, युसूफ वडगावचा बजरंग आणि मी. बजरंग आज तासभर उशिरा आला आणि वर मलाच विचारलं, एवढ्या लवकर कावून आलीस.

६ जून
प्रोग्राममधल्या चुका इथे चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवतात. पंखा लावला की निम्म्या उडतात. सरांनी मला सांगितलं, चुकांची नोंद ठेवणारं काहीतरी निवड, पण दमडी लागता कामा नये. तीन बघितली. एकाला सतत इंटरनेट पाहिजे, आणि इथे साधा फोन लागला तरी नशीब. दुसरं लिनक्सवरच चालतं, ते आमच्यात कुणाला येत नाही. तिसरं मासिकासोबत आलेल्या सीडीवर मिळालं. छोटं, नीटनेटकं, पाच माणसांपर्यंत फुकट. चूक लिहायची, दुरुस्त करणाऱ्याचं नाव निवडायचं. ज्याच्या नावावर नोंद, तोच ती बंद करू शकतो. आम्ही चौघे, त्यामुळे यादीतली पाचवी ओळ रिकामी दिसते, पुसता येत नाही. फुकट ते पौष्टिक, म्हणाले सर.

८ जून
आज सगळ्यांना वापरून दाखवलं. अडचण एकच, कुणाच्या नावावर चूक टाकली की तो रुसतो. काका तर दुपारी जेवलेच नाहीत. मग ठरलं, सगळं रिकाम्या ओळीवर टाकायचं, म्हणजे कुणाला राग नको. सरावासाठी मी गमतीने लिहिलं, 'बजरंग उशिरा येतो', 'काकांचा खोकला थांबत नाही'. बजरंग म्हणाला, ही घरच्या आठवणीनं लई रडती, हिचं बी टाका. आणि त्यानेच टाइप केलं, 'वर्षाराणीला घरची आठवण येते'. पोट दुखेपर्यंत हसलो.

११ जून
कारखान्याच्या प्रोग्राममधल्या बारा चुका दुरुस्त झाल्यात. आमच्यापैकी कुणी हात लावलेला नाही. काकांच्या खोकल्यापुढेही 'फिक्स्ड' आलंय. काका खोकत नाहीत हे खरं. पण बोलतही नाहीत. तोंड उघडतात, आवाज येत नाही. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. मला काकांकडे बघवत नाही.

१३ जून
मी कितीही लवकर आले तरी बजरंग खुर्चीत असतो. आज त्याने सांगितलं, तीन दिवस तो घरी गेलेलाच नाही. जिना उतरतो, शेवटच्या पायरीवर पाय आपोआप माघारी वळतात. हसून सांगत होता. मी त्याला धरून खाली नेलं. शेवटच्या पायरीवर त्याने मला इतक्या जोरात वर ओढलं की खांदा अजून ठणकतोय. बजरंगच्या अंगात एवढी ताकद नाही. त्याच्या नोंदीपुढे 'फिक्स्ड'. माझ्या नोंदीपुढे 'काम चालू'.

१४ जून
मी सरांना हात जोडून म्हटलं, हे काढून टाका. त्यांचं उत्तर, हंगामाआधी एवढ्या चुका फुकटात कोण काढून देतंय. काकांकडे बोट दाखवलं, तर मान फिरवली. मग मीच काढून टाकलं. सीडी मोडली. जेवून आले तर स्क्रीनवर तेच. माझी नोंद बंद करायला गेले — उत्तर आलं, ही तुमच्या नावावर नाही.

१५ जून
घराच्या दाराचा रंग आठवत नाही. धाकट्या भावाचं नाव — के — केदार असं काहीतरी. रडू येत नाही. त्याचीच भीती वाटते.

१६ जून
स्टँडवर गेले. कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं ताई. उभीच राहिले. गाडी गेली. परत येऊन ही वही उघडली. पहिल्या पानावर तलवाडा लिहिलंय. अक्षर माझं. असेल एखादं गाव —

१८ जून
ऑफिसात एक बाई आल्यात. बजरंगने फोन करून बोलावल्या. तो म्हणतो, आई हाय तुझी. रडतोय. मी बाईंना पाणी दिलं, कुणाकडे काम आहे विचारलं. त्या माझ्या तोंडावरून हात फिरवतात. हात ओळखीचा — फक्त हात — डावा हात सोडत नाहीत, उजव्याने लिहितेय. स्क्रीनवर अजून 'काम चालू'. म्हणजे थोडं शिल्लक आहे. नाव विचारलं. कावेरी. लिहून ठेवते म्हणजे जाणार नाही. स्क्रीनवरची अक्षरं बदलतायत — लवकर — कावेरी. ही माझी —