भिंतीतलं भोक

३ डिसेंबर
आलो एकदाचे. बदलीचं गाव फार थंड म्हणून जुन्या शाळेतल्या सगळ्यांनी घाबरवलं होतं, पण घर मला बघताक्षणी आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला जागा. अप्पांनी काठीने प्रत्येक भिंत ठोकून पाहिली, जणू घर विकतच घेणार आहेत. आई असती तर तिने आधी खिडक्या उघडल्या असत्या. खिडक्यांवरून त्या दोघांचं जन्मभर वाजलं. तिला जाऊन आता वर्ष होईल. डॉक्टरांनी बजावलंय, अप्पांच्या छातीला यंदा थंडी लागता कामा नये. एवढा हिवाळा निभला की बस.

५ डिसेंबर
गॅस हीटर बसला. मिस्त्री बोलघेवडा, पण कामाला चोख. नळी जोडली, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, मग अप्पांच्या पलंगाच्या वर, भिंतीत तळहाताएवढं भोक पाडून जाळी बसवली. हे बुजवायचं नाही, आगीलाही श्वास लागतो, असं मला दोनदा सांगून गेला. ज्योत निळीशार. अप्पांनी चक्क मोजे काढले.

९ डिसेंबर
भोकातून गार वारा थेट अप्पांच्या मानेवर येतो. खोकून खोकून बेजार झालेत. हा कुठला शहाणपणा, एकीकडून तापवा आणि दुसरीकडून गार करा. आईची जुनी शाल जाळीत कोंबून शाळेत गेले. परत येऊन बघते तर शाल खुर्चीवर, घडी करून. काठ आत दुमडलेला, आई घालायची तशी. अप्पा म्हणाले, तुझ्या आईने काढली, तिला कोंदट खपत नाही. अप्पांचा तर हात खांद्याच्या वर जात नाही.

१२ डिसेंबर
रोज कोंबते, रोज निघते. आज चिडून अप्पांना वाट्टेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, ती आली की बरं वाटतं गं. स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले. वर्षभर मी तिच्या नुसत्या स्वप्नासाठी झुरतेय, आणि ती येते ती त्यांच्याकडे. मला का दिसत नाही?

१४ डिसेंबर
ज्योत पिवळी पडलीय, वर काजळी धरतेय. मिस्त्रीला फोन केला. भोक उघडं आहे ना, हेच त्याने पहिलं विचारलं. लाज वाटून हो म्हटलं. मग बर्नरमध्ये कचरा असेल, पुढच्या आठवड्यात येऊन साफ करतो, तोवर पेटवू नका, म्हणाला. तोवर अप्पांनी काय कुडकुडत बसायचं?

१५ डिसेंबर
सिमेंट आणून भोक लिंपून टाकलं. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. आता बघू कोण काढतं ते. अप्पा लहान मुलासारखे रडले. तिला बाहेर ठेवलंस म्हणाले. हिवाळा सरला की फोडून देईन, असं समजावून हीटर पेटवला. खोकला मात्र थांबला.

१६ डिसेंबर
अप्पा झोपूनच आहेत. गाल गुलाबी, किती महिन्यांनी रंग आलाय. माझं डोकं ठणकतंय. शाळेत निरोप धाडला, त्यांच्या खोलीतच बसलेय. भिंतीत काहीतरी खरवडतंय. उंदीर असेल.

दुपारी
उलटी झाली. पाय उचलत नाहीत. अप्पांना हलवलं — उठत नाहीत —

दिसली. मला दिसली. भिंतीशी, पाठमोरी, तोच सैल अंबाडा. नखांनी सिमेंट खरवडतेय. हाक मारली, वळत नाही. आगीलाही श्वास — आई, मी काय करून बसले —

नखं तुटली तिची. थांबली. शाल उचलली. घडी घालतेय, काठ आत. अप्पा तिच्या शेजारी उभे. काठीशिवाय. पण पलंगावरही अप्पा —

आता माझ्याकडे बघतेय. रडतेय. हाताने दार दाखवतेय, पुन्हा पुन्हा. उठते गं आई. जरा डोळे मिटून लगेच —