स्वच्छ हवेच्या कपाटाला जागा पाहिजे

आदरणीय रुपेर्तो दाजी, आणि दाजींच्या खांद्यावरून हे पत्र वाचणारी माझी हुस्तिनाताई,

बटाट्याच्या घरात जन्मलेल्या किंवा त्या घरात सोयरीक केलेल्या आपणा सर्वांचं दुखणं एकच आहे: शेत आपलं, घाम आपला, आणि बियाणं मात्र खालच्या खोऱ्यातल्या व्यापाऱ्याचं, तेही रोगट. तुम्ही ओरुरोला जाऊन मोटारींचे सुटे भाग विकू लागलात तरी हे विसरला नसाल, असं धरून चालतो. ताईचा खोकला कसा आहे? इकडे सर्व क्षेम. आई तुमची आठवण काढते (कोणत्या शब्दांत, ते लिहीत नाही).

या अन्यायाला उत्तर म्हणून आपल्या संस्थेने प्रयोगशाळा काढली आणि स्वच्छ हवेचं कपाट आणलं. ते हवा आत ओढतं, गाळतं, आणि गाळलेली हवा संथपणे समोर सोडतं. त्या झोतात हात घालून बटाट्याचे कोंब कापायचे आणि बाटल्यांत लावायचे, म्हणजे बुरशी धरत नाही आणि बियाणं निरोगी निघतं. आमच्या इंजिनिअर निल्दाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दाराजवळ नको, खिडकीजवळ नको, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. बाहेरचा वारा या झोताला मोडतो." वाक्य साधं होतं. पण साधं वाक्य सभेपुढे ठेवलं की त्याचं काय होतं, हे तुम्ही जाणता.

सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, शतकानुशतकं आपल्यापासून ज्ञान बंद दारांमागे लपवलं गेलं. आता जे लोकांचं आहे ते लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. इतक्या टाळ्या पडल्या की निल्दाबाईंचा वर केलेला हात कुणाला दिसलाच नाही. कपाट दर्शनी खोलीत, थेट रस्त्यावरच्या दारासमोर बसलं. बाजाराच्या दिवशी अख्खं गाव टोप्या काढून दर्शनाला आलं, दार लागलं म्हणून नाही, आणि पठारावरचा दुपारचा वाराही त्यांच्याबरोबर आत शिरला. थोड्याच दिवसांत बाटल्याबाटल्यांत हिरवी लव. (मी वाऱ्याला दोष दिला. निल्दाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, ताई तुमच्याकडे बघते तशा.)

मग कपाट अंगणालगतच्या खोलीत हललं, खिडकी बंद ठेवण्याच्या अटीवर. तोवर सातुर्निनामावशी तावातावाने आल्या. "यंत्र आणलंत, पण त्याला धूप नाही, बिअरचा शिंतोडा नाही. पाचामामाला, आपल्या धरणीमातेला, न विचारता आणलेलं यंत्र चालायचं कसं? आणि वर बुरशी आली म्हणून रडता?"

"मावशी, खोलीत धूर चालणार नाही," निल्दाबाई म्हणाल्या.

"मग तुझं लग्नही धुराशिवायच कर बाई."

मी मध्यस्थी केली (दोन्ही बाजूंचं मी पुष्कळ वाचलं आहे): पूजा अंगणात करावी. दोघींना पटलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मावशींनी निखाऱ्यांवर धूप, लामा जनावराची चरबी आणि नैवेद्याची साखरेची घरं ठेवली. फक्त शेगडी मांडली ती बरोबर खिडकीखाली, आणि ज्याची पूजा त्याला ती दिसायला नको का, म्हणून खिडकी सताड उघडली. कपाट चालूच होतं. त्याने तो धूर असा ओढला की अंगणात एक वळसाही उरला नाही. पाचामामाला किती पोहोचला कोण जाणे. मावशी मात्र तृप्त होत्या: "बघा, खाल्लं त्यानं." निल्दाबाईंनी बाहेरची जाळी धुतली. आतली गाळणी थोडक्यात वाचली म्हणतात, पण बाटल्या पुन्हा गेल्या.

आता डाव शेवटचा आहे. रविवारच्या सभेपर्यंत कपाट नीट जागी बसलं नाही, तर सभा ते परत पाठवणार आणि यंदाची पेरणीही व्यापाऱ्याच्याच बियाण्याने होणार. म्हणून निल्दाबाईंनी काठीला लोकरीचा धागा बांधला आणि प्रत्येक खोलीत धरून पाहिला. सगळीकडे तो झुलला. एकाच खोलीत सरळ लोंबत राहिला. तेव्हा जागा सापडली आहे, काळजी नसावी. लहानांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
एलेउतेरियो

ता. क. ती खोली म्हणजे मागची बिनखिडकीची कोठी. तिच्या मधोमध तुमचा मोरेनादा नाचाचा पोशाख उभा आहे, पिंपाएवढा, मुखवट्यासकट. मारियामायला तीन वर्षं नाचण्याचा नवस बोललात, दोन वर्षं नाचलात, आणि तिसऱ्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून ओरुरो गाठलंत. अर्ध्या नवसाचा पोशाख जो उचलेल त्याच्या मानेवर उरलेला नवस बसतो, असं म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. ही अंधश्रद्धा आहे, असं मी भर सभेत ठणकावून सांगितलं. (मी स्वतः उचलला नाही, कारण त्या दिवशी माझी पाठ धरली होती. दुसऱ्या दिवशीही.)

ता. क. आणखी एक. परवाच्या लग्नात तुम्ही वाजंत्री थकेपर्यंत नाचलात, असं ताईने फोनवर सांगितलं. दाजी, मारियामायपाशी मी तुमची वकिली करीन. माझं भाषण तीही ऐकून घेईल. पण तुमचा पोशाख तुम्हालाच उचलावा लागेल. शनिवारच्या ट्रकने या आणि तो कोठीबाहेर काढा.