इश्वरच्या दारचा मेढा

सानगडी
दि. ६ सप्टेंबर १९७८

ती. सौ. गोदाताईस, खेमराजचा सा. न. वि. वि.

तळ्याला पाणी आहे, त्यामुळे धानाची काळजी नाही. पोळ्याला करंज्या पाठवल्यास, पण तिखट शेव नाही. शोभाचं लग्न जमवण्याच्या नादात तिच्या मामाची जीभ विसरलीस, हे मी मनात धरलं आहे.

आता मुद्द्याचं लिहितो. आपल्या धाकट्या धुरपताचं तुला ठाऊकच आहे. तीस वर्षांची झाली, तरी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, गर्दीत हात हलवत गुणगुणते, आणि कुठलं काम अर्धं राहिलेलं तिला बघवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, सगळ्यांनी आपापल्या दारात रोवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटून, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत, असं ओरडत शिवेबाहेर नेले. इश्वरच्या दारचा मेढा तेवढा राहिला. त्याचं पोर तापाने फणफणलेलं, कुणाला सुचणार? धुरपताने तो उपटला आणि एकटीच शिवेवर टाकून आली. दुसऱ्याच्या दारच्या मेढ्याला हात लावला की लोक करणी केली म्हणतात, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सोमवारी पोर गेलं.

इश्वरची आई शकुबाई माझ्या दारात येऊन म्हणाली, की हिनंच माह्या नातवाले नेलं. तेव्हापासून धुरपता हापशीवर गेली की बाया बाजूला सरतात. काल आपल्या दाराला कुणीतरी पळसाची फांदी उलटी टांगून ठेवली. मला भीती वाटते, ताई. महिनाभर तिला अड्याळला ने.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नको.

तुझा
खेमराज

अड्याळ
दि. ११ सप्टेंबर १९७८

चि. खेमराजास अनेक आशीर्वाद.

शेव पाठवते, हावरटा. शोभाला पाहायला करडीचे पाहुणे आले होते. पोरगी पसंत आहे. मग त्यांनी माहेरचं विचारलं, घरात कुणाला वेड, बाधा वगैरे आहे का. मी सांगून बसले, की मला एक भाऊ तेवढा आहे. बोलल्यावर माझीच मला लाज वाटली. पण बोलून गेले. आता धुरपताला इथे आणून कुणाच्या नजरेआड करू?

दसऱ्याला साक्षगंध आहे. तेवढं पार पडू दे, मग मीच तिला न्यायला येईन. तोवर तिला घराबाहेर सोडू नको, गुणगुणूही देऊ नको. लोक चार दिवस बोलतात. धानकापणी आली की बोलायला फुरसत कुणाला?

तब्येतीला जप. माझ्यावर राग धरू नको.

तुझी ताई
गोदावरी

सानगडी
दि. १६ सप्टेंबर १९७८

सौ. गोदाताईस धुरपताचा नमस्कार.

पत्रात आधी धानाचं लिहितात. धान बरा आहे. तुझं पत्र देव्हाऱ्यामागे ठेवलेलं होतं, मी वाचलं.

मी गुणगुणणं बंद करून पाहिलं. दोन दिवस जमलं. मग हापशीचा आवाज डोक्यात घुसायला लागला, म्हणून पुन्हा सुरू केलं. बाधा बाहेरून येते म्हणतात. माझं बाहेरून आलेलं नाही. आठवतं तेव्हापासून मी अशीच आहे.

मंगळवारी नऊ वाजता मला मारुतीच्या पारावर बोलावलं आहे. खेमराज म्हणतो, नारळ हातात घे आणि मी केलं, चुकलं, एवढंच म्हण, मग पंच सोडून देतील. सांगताना तो रडला. पण गुरुवारी मी गिरणीवर कोंडा आणायला गेले, तेव्हा इश्वर तिथे सांगत होता, की एकदा तिच्या तोंडून कबूल होऊन जाऊ द्या, मग पाहून घेऊ. मला पाहूनही तो थांबला नाही. खेमराज म्हणतो, तो रागात बोलला असेल.

मेढा मी उपटला. पोराला मी काही केलं नाही. मी हे दोन्ही सांगणार आहे, कारण दोन्ही खरं आहे. ते पोर माझ्याजवळ चिंचोके खेळायला बसायचं. ते गेलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्या तोंडावर तसं दिसत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

तू पारावर आलीस तर मला बोलायला सोपं जाईल. तुला भाऊ तेवढा आहे असं तू सांगितलंस, म्हणून खाली नातं लिहिते.

तुझी लहान बहीण
धुरपता

अड्याळ
दि. २० सप्टेंबर १९७८, बुधवार

चि. खेमराज,

धुरपताचं पत्र आज सकाळी पोस्टमनने हातात दिलं. मंगळवार काल होऊन गेला.

दुपारच्या एस.टी.ने निघते आहे. हे पत्र माझ्या मागून येईल, तरी लिहिल्यावाचून बसवत नाही. करडीला निरोप धाडला आहे, की मला एक बहीण आहे, धुरपता नावाची. सोयरीक मोडली तर मोडो. आज बाजाराला सानगडीचा बाबूलाल आला आहे. त्याला मी धुरपताचं विचारलं. तो खाली मान घालून दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागला. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, ताई, तुमी जाऊनच पाहा.

खेमराज, काल पारावर तू तिच्या बाजूला उभा होतास ना?

तुझी ताई
गोदावरी